विचारून दिलेलं

आमच्याकडे लग्नकार्यात आहेराची वही ठेवायची पद्धत आहे. कोणी किती रुपये घातले, कोणी साडी नेसवली, कोणी स्टीलचा डबा दिला हे ओळीने लिहायचं आणि त्यांच्या घरच्या कार्यात त्याच तोलाचं परत करायचं. माझ्या आईने अशी वही आयुष्यभर सांभाळली. मीही दिवाळीसाठी एक वही ठेवते, पण तिच्यात आलेलं लिहीत नाही. वर्षभरात कोणाच्या तोंडून सहज निघालेली एखादी गरज तिच्यात टिपून ठेवते. ‘नणंदबाई – पोळपाट हलतो, एक पाय झिजलाय.’ ‘सासरे – वाचताना उजेड मागून हवा.’ ‘शेजारच्या काकू – नातवाला मराठी वाचायचं आहे, ठळक अक्षरांचं पुस्तक.’ दिवाळी जवळ आली की वही उघडायची. काय द्यायचं हा प्रश्न तिथेच निम्मा सुटलेला असतो.

ही वही सुरू झाली ती एका खोक्यामुळे. नवऱ्याच्या ऑफिसातून दर दिवाळीला सुकामेव्याचा खोका यायचा. त्या वर्षी तो रिकामा झाल्यावर मी सुक्या कचऱ्यात ठेवला, आणि कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी तो उचलून बाजूला ठेवला. या मावशी पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३मध्ये सुरू झाली, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ उभी राहिली. घरोघरचा ओला-सुका कचरा न्यायचा, सुक्यातलं विकलं जाण्यासारखं वेगळं काढायचं आणि भंगारवाल्याला घालायचं, यावर मावशींच्या कमाईचा चांगलाच भाग अवलंबून असतो. तो खोका बाजूला का ठेवला, असं मी विचारलं. त्यांनी तिथेच पायरीवर बसून तो माझ्यासमोर उलगडला.

बाहेर सोनेरी चकाकीचं पुठ्ठ्याचं आवरण. आत जाड पुठ्ठ्याचा खोका, त्याला आतून चिकटवलेलं लाल सॅटिन. सॅटिनखाली फोम. फोममध्ये बसवलेला चार खणांचा प्लास्टिकचा ट्रे, आणि झाकणाला बांधलेली जरीची रिबन. “नुसता पुठ्ठा असता तर विकला असता,” मावशी म्हणाल्या. “याला कापड चिकटवलंय. आता पुठ्ठाही गेला आणि कापडही गेलं.” मी तोवर कचऱ्याचा विचार वस्तूंच्या हिशेबाने करत होते. प्लास्टिक वाईट, कागद चांगला, असा. पण दोन चांगल्या वस्तू सरसाने एकमेकींना चिकटवल्या की दोन्ही वाया जातात, हे मला त्या खोक्याने दाखवलं. घरी आल्यावर मी तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. आतल्या मेव्याचं छापील वजन पाव किलो होतं. रिकामा खोका त्याहून जड भरला.

वेष्टणाच्या कागदाची परीक्षाही मला मावशींनीच शिकवली. कागद मुठीत घट्ट चुरगळायचा आणि मूठ उघडायची. चुरगळलेला तसाच राहिला तर तो कागद. फुलून पुन्हा उलगडला, तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे, तो पुन्हा कागद होणार नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत वेष्टणाचे कागद घ्यायला गेले की मी अजूनही एक कोपरा चुरगळून बघते. दुकानदारांना त्याचं काही वाटत नाही. उलट एकाने आतून तपकिरी कागदाचं भेंडोळं काढून दिलं आणि म्हणाला, “हे पूर्वी फार जायचं.”

कायदा आपल्याकडे नाही असं नाही. राज्य सरकारने मार्च २०१८मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२पासून केंद्र सरकारने एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आणली. तिच्या यादीत मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म चक्क नाव घेऊन लिहिलेली आहे. सजावटीचं थर्माकोलही आहे. तरी भाऊबीज उलटली की मावशींच्या ढकलगाडीवर त्या फिल्मचे गोळे दिसतात. आमच्या शहराचा कचरा पुण्यालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माणसांनी वर्षानुवर्षं नाकातोंडात घेतला, त्याविरुद्ध ती रस्त्यावर उतरली. माझ्या दारातून गेलेला खोका कोणाच्या तरी दारात जाऊन पडतो, हे पुण्यात राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागू नये.

त्या दिवशी पायरीवर मी मावशींना आणखी एक विचारलं. तुम्हाला दिवाळीला काय मिळतं? “मिठाई,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांकडून मिठाई. खाऊन संपत नाही, टाकवत नाही. आमच्याकडे फ्रीज कुठला?” मग तुम्हाला काय हवं, असं मी विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. असा प्रश्न त्यांना फारसा कोणी केला नसावा. मग म्हणाल्या, “तेल द्या. फराळ माझा मी करीन.”

त्या वाक्याने माझं देण्याबद्दलचं सगळं मत बदललं. आपण ज्यांना कमी ओळखतो त्यांना आपण तयार वस्तू देतो, आणि ती वस्तू बहुतेक वेळा आपल्याच सोयीची असते. मावशींना स्वतःच्या हाताने चकल्या तळून स्वतःच्या लेकरांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायच्या होत्या. त्यांनाही कोणाला तरी काही द्यायचंच होतं की. आमच्या विंगमधल्या बायकांनी त्या वर्षीपासून मिळून तेलाचा डबा, बेसन, साखर आणि भाजणीचं सामान त्यांना द्यायला सुरुवात केली. दिवाळीची बक्षिसी त्याहून वेगळी, आणि ती रोखच.

विचारून दिलं तर भेटीतली मजा जाते, असं माझ्या मुलीचं म्हणणं होतं. लहान मुलांच्या बाबतीत ते मला पटतं. पुडीत काय आहे हे न कळण्याचा आनंद त्यांचा आहे, आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. मोठ्यांची गोष्ट वेगळी. आपल्या ओळखीतल्या बहुतेक घरांत आता कपाटं भरलेली आहेत. तिथे अचानक आलेली वस्तू ठेवायची कुठे इथपासून काळजी सुरू होते. ओटीच्या ब्लाउजपीसचंच बघा. दहा-दहा घरांतून फिरून ते आपल्याच कपाटात परत येतात, शिवून मात्र एखादाच होतो. मी आता ओटी भरताना नारळ, तांदूळ आणि एखादं फळ घालते. जिला खण शिवायची हौस आहे तिला तिच्या आवडीचा रंग विचारून चांगला खण देते.

या बाबतीत ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार संचांबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. बांबूचा ब्रश, ज्यूटची पिशवी, बिया घातलेला कागद, आणि हे सगळं एका नव्या खोक्यात. ज्या घरात आधीच खुंटीवर पिशव्यांचा ढीग आहे तिथे आणखी एक पिशवी ज्यूटची आहे म्हणून कामाची होत नाही. ती बनवायला पाणी लागलं, माणसाचे हात लागले, आणि ती खुंटीवर टांगून राहिली. मला विचाराल तर वस्तू कशाची बनली आहे हा प्रश्न दुसरा. ती त्या घरात वापरली जाणार आहे का, हा पहिला.

माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथे लहानपणी फराळाची ताटं घरोघरी द्यायचं काम आम्हा पोरांकडे असे. ताटावर क्रोशाचा रुमाल. ताट ज्या घरी जाई तिथली काकू ते रिकामं करून घेई, आणि रिकामं ताट परत पाठवायचं नाही म्हणून त्यात चिमूटभर साखर तरी घालीच. रुमाल घडी करून ताटातच. कधी भांड्यांची अदलाबदल झालीच तर काठावर नाव घातलेलं असायचं. भांडीवाल्याच्या दुकानात बसून ते ठोकून घ्यायचं. आईच्या एका पातेल्यावर तिच्या मामांचं नाव आणि लग्नाची तारीख आहे. भांडं देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं असायचं, फेकायचं कोणाचंच नसायचं.

सोसायटीत ही पद्धत पुन्हा आणायची म्हटल्यावर पहिली अडचण फराळाचीच आली. प्रत्येक घरात तेच लाडू, तीच चकली, तोच चिवडा, आणि तेही एकाच आठवड्यात. ताटं फिरत राहतात आणि तळण खवट होत जातं. मग आम्ही वाटून घेतलं. एका घराने चिरोटे, एका घराने कडबोळी, आमच्याकडे शंकरपाळे. एका काकूंनी आपणहून सांगितलं की त्या तुळशीच्या लग्नाला चिवडा देतील, कारण तेव्हा सगळ्यांचा फराळ संपलेला असतो आणि पुन्हा तिखट खावंसं वाटतं. देणं ज्याने त्याने आपल्या स्टीलच्या डब्यातून करायचं, आणि डबा दारातच रिकामा करून घ्यायचा किंवा दोन दिवसांत परत करायचा. पहिल्या वर्षी झाकणांचे फार गोंधळ झाले. आता बहुतेक डब्यांच्या बुडाला रंगाने नाव आहे.

भाऊबीजेची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे. माझा दादा दरवर्षी ओवाळणीत साडी घालायचा. वहिनी निवडायची, छान निवडायची. पण माझी नोकरी संपली आहे आणि साड्या नेसण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. आईची तीन पितळी पातेली माहेरी माळ्यावर पडून होती. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर ताक, चिंचेची आमटी, काहीही आंबट त्यात कळकतं, म्हणून ती वर्षानुवर्षं वापरात नव्हती. मी दादाला म्हटलं, “यंदा ओवाळणीत मला आईच्या पातेल्यांना कल्हई करून दे.”

त्याला आधी ते रुचलं नाही. बहिणीला जुनी भांडी काय द्यायची, म्हणाला. पण मग तो कल्हईवाल्याच्या शोधाला लागला. पूर्वी गल्लीत हाळी देत फिरणारे कल्हईवाले आता सहज मिळत नाहीत. भांड्याच्या दुकानांतून विचारत विचारत त्याला एक म्हातारे गृहस्थ सापडले. दादा स्वतः त्यांच्यासमोर बसून राहिला. भट्टीवर पातेलं तापवलं, आत नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवून ते वितळलं की कापसाच्या बोळ्याने सर्रकन सगळीकडे फिरवलं. काळपट पितळ क्षणात चांदीसारखं झालं, हे मला फोनवर सांगताना दादाचा आवाज लहानपणीचा झाला होता. भाऊबीजेला तो पातेली घेऊन आला ती आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. ताटात ठेवायला एकच आणलं, बाकीची दोन गाडीत. मधल्या पातेल्यात मी आता रोजचं वरण करते. कल्हई काही कायमची नसते. ती उडायला लागली की पुन्हा करून घ्यावी लागते, आणि ते काम दादाने आपलं म्हणून ठेवून घेतलं आहे. पाठोपाठ वहिनीने तिच्या भावाकडे शिलाई मशीन दुरुस्त करून मागितलं.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक का. र. मित्र यांनी काढला तिथपासूनची आहे, आणि एवढी हाताशी असलेली भेट दुसरी नाही. आम्ही भावंडं प्रत्येकी दोन अंक घेतो, वेगवेगळे, आणि ते वर्षभर फिरवतो. पहिल्या पानावर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर वाचणाऱ्याने तारीख आणि आवडलेल्या कथेचं नाव लिहायचं. मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’चा अंक. शेजारच्या काकूंच्या नातवाला मी गेल्या वर्षी पुस्तकाऐवजी जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरून दिली. पावती पाकिटात घालून दिली तेव्हा त्याने ती उलटसुलट बघितली. आता दर शनिवारी आजीला घेऊन जातो.

संक्रांतीच्या वाणाची मात्र मला जास्त काळजी वाटते. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकेक बाई पंधरा-वीस घरी हळदीकुंकवाला जाते आणि प्लास्टिकचा डबा, कंगवा, साबणदाणी, अशा वस्तू घेऊन परतते. तुळशीबागेत वाणाच्या म्हणून अशा वस्तूंचे डझनावारी गठ्ठे मिळतात. ज्या सणात सुगडात हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, गाजर आणि गव्हाच्या ओंब्या घालून द्यायची रीत आहे, त्यातलं सगळं एकतर पोटात जातं किंवा मातीत मिसळतं, त्याच सणात हे व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या विंगेत आता वाण म्हणून संपणारी वस्तूच द्यायची असं ठरलं आहे. गूळ, शिकेकाई, कागदाच्या पुडीतले पॉलिश न केलेले तीळ. ज्यांना हे पटत नाही त्या त्यांना हवं ते देतात. त्यावरून भांडण करावं असं मला वाटत नाही, हळदीकुंकू हे मुळात एकमेकींकडे जाण्यासाठी आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते माझ्या आत्याला सांगणं. ती वाईला असते. ऐंशी पार केली आहेत. दर दिवाळीला ती आम्हा प्रत्येकासाठी काहीतरी आणून ठेवायची. स्टीलच्या वाट्या, चादरी, भिंतीवरचं घड्याळ. आत्या, आता काही आणू नकोस, घर भरलंय, असं मी म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “आता माझं कोणालाच काही नको.” तिच्या पिढीच्या बाईला देणं बंद कर म्हणणं हे तिला घरातून उठ म्हणण्यासारखं होतं. कमी कचरा व्हावा म्हणून म्हाताऱ्या माणसाचा देता हात थांबवायचा, हे बरोबर नाही असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

म्हणून पुढच्या वेळी मी तिच्याकडे मागितलं. तिच्या हातचं अनारशाचं पीठ.

अनारसे तळणं एक वेळ जमतं, पीठ जमत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे, हाताला ओलसर लागतील इतपतच सुकवायचे, मग कुटून बारीक चाळायचे. त्यात किसलेला गूळ मळून गोळे करून डब्यात दाबून ठेवायचे आणि चार-पाच दिवस त्याला हात लावायचा नाही. गूळ किती घालायचा हे आत्या मापाने सांगत नाही. पीठ मुठीत दाबून बघते. कमी पडला तर अनारसा कडक होतो, जास्त झाला तर तुपात टाकल्याबरोबर हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने त्यावर तूप उडवत राहायचं. हे सगळं तिने मला फोनवरून इतक्या वेळा सांगितलं आहे की मला तिच्या श्वासासकट पाठ आहे.

हे पीठ चांगलं टिकतं. त्यामुळे ज्याला जेव्हा सवड असेल तेव्हा त्याने आपल्या घरी तळावेत. त्या वर्षी आत्याने पाच घरांसाठी पीठ केलं, आणि दादा साताऱ्याहून येताना वाईला वळसा घालून डबे घेऊन आला. माझ्या मुलीने पहिल्यांदा अनारसे तळले तेव्हा आत्या फोनवर होती, आणि पहिले दोन हसले तेव्हा तिने फोनवरूनच सांगितलं की उरलेल्या पिठात थोडी तांदळाची पिठी मळ.

गेल्या वर्षीपासून तिचे गुडघे फार दुखतात. कुटण्याऐवजी आता मिक्सर लावला तरी चाळणं आणि मळणं आहेच, आणि खाली बसल्याशिवाय तिला मळता येत नाही. म्हणून यंदा मी, वहिनी आणि माझी मुलगी वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात वाईला जाणार आहोत. तांदूळ ती भिजवून ठेवील. चाळण्याचं काम मुलीचं, मळण्याचं माझं आणि वहिनीचं. गुळाचा अंदाज आत्याचा. घरं पाचाची सात झाली आहेत, कारण कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी आणि शेजारच्या काकूंनीही पीठ सांगितलं आहे. सात घरांना तीन किलो तांदूळ पुरतील की चार लागतील, यावर आत्याचं आणि दादाचं अजून एकमत झालेलं नाही.